बदकांत मरतूक लागली तर आधी पाणी तोडा

मराठवाड्यात बदकं पाळणारे थोडे. शेततळ्यात मासे सोडलेले असतात, त्यावर वीस-पंचवीस खाकी कॅम्पबेल, म्हणजे अंड्यांसाठीची बदकं. कुठे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कोंबड्यांच्या जोडीला चार-सहा गावरान बदकं. एखाद्याने हौसेने आणलेली पांढरी पेकिन. संख्या कमी असल्यामुळे तालुक्याच्या औषध दुकानात बदकाची लस मिळत नाही, आणि शेजारीपाजारी जो सल्ला मिळतो तो सगळा कोंबडीचा असतो. विषाणूजन्य साथीत नेमका तोच सल्ला नडतो. कोंबड्यांत रोग मुख्यतः माणूस, खुराडं, हवा आणि खाद्य यांतून फिरतो. बदकांत तो पाण्यातून फिरतो. एक आजारी बदक तळ्यात उतरलं की त्याची विष्ठा, नाकातोंडाचा स्राव सगळा त्याच पाण्यात, आणि बाकीची तेच पाणी पितात, त्यातच चोच बुडवून खातात.

म्हणून पुढे जे जे सांगितलं आहे त्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: मरतूक लागल्याचा संशय आला की औषध शोधायच्या आधी बदकं पाण्याबाहेर काढा.

साथ आहे हे ओळखायचं कशावरून

वही ठेवा. रोज तीन आकडे लिहायचे: अंडी किती, खाद्य किती उरलं, मेली किती. खाकी कॅम्पबेल बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालते, त्यामुळे नऊपर्यंत बदकं शेडमध्येच ठेवली तर अंड्यांचा आकडा खरा मिळतो. पहाटेच सोडली तर अंडी तळ्यात आणि बांधावर पडतात आणि अंडी घटली की हरवली हे कळतच नाही.

पन्नासच्या आतल्या कळपात एका दिवसात दोन किंवा जास्त मेली, किंवा दोन-तीन दिवसांत अंडी पाव हिश्श्याने घटली, किंवा एरवी तुटून पडणारी बदकं खाद्यापाशी नुसती उभी राहिली, तर ती साथ समजूनच चाला. नंतर काही नाही निघालं तर नुकसान दोन दिवसांच्या गैरसोयीचं. उलट चूक फार महाग पडते.

आणखी एक खूण कळपाबाहेरची आहे. गावात कावळे मरून पडत असतील, शेजाऱ्याच्या कोंबड्या अचानक गेल्या असतील, तर तुमची बदकं ठणठणीत दिसली तरी सावध व्हा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तिथेही तोच. दोन्ही वेळी महिना जानेवारीचा. नोव्हेंबर ते मार्च या काळात जायकवाडीच्या नाथसागरावर आणि आपल्या लहानमोठ्या तलावांवर स्थलांतरित पाणपक्षी उतरलेले असतात, हे सोबत ध्यानात घ्या.

तीन विषाणू, तीन वेगळ्या चाली

डक प्लेग, म्हणजे बदकांचा विषाणूजन्य आतड्याचा रोग, हा नागीण गटातल्या विषाणूमुळे होतो. १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा दिसला, भारतात १९६३ मध्ये पश्चिम बंगालात नोंदला गेला. हा प्रामुख्याने मोठ्या, अंड्यावरच्या बदकांना झोडपतो. लागण झाल्यापासून ३ ते ७ दिवसांत लक्षणं येतात, आणि लक्षणं आली की १ ते ५ दिवसांत बदक जातं. चांगली भरलेली, वजनदार बदकं अचानक मरतात, हे याचं पहिलं लक्षण. जी आजारी दिसतात ती उजेड टाळतात, पापण्या अर्धवट चिकटलेल्या, डोळ्यांतून पाणी, तहान भयंकर, पाय लुळे पडल्याने पंख जमिनीला टेकून तोल सांभाळतात. पातळ, हिरवट किंवा रक्ताळलेली विष्ठा, गुदद्वाराभोवतीची पिसं माखलेली. मेलेल्या नराचं लिंग बाहेर आलेलं दिसलं तर डक प्लेगचा संशय पक्का धरावा. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं की अन्ननलिकेत आणि गुदमार्गाच्या आत पिवळसर खपल्यांसारखे थर, आतड्यावर रक्ताळलेली वर्तुळाकार कडी, हृदयावर रक्ताचे ठिपके सापडतात.

याची खरी खोड पुढे आहे. वाचलेलं बदक बरं दिसतं, अंडीही देतं, पण विषाणू त्याच्या मज्जातंतूंच्या पेशींत दबा धरून राहतो आणि ताण आला की पुन्हा विष्ठेतून पडू लागतो. अशी वाचलेली बदकं आठवडी बाजारात विकली जातात आणि रोग दुसऱ्या गावच्या तळ्यात पोचतो.

बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह पिल्लांचा रोग आहे. सहा आठवड्यांच्या आतली, त्यातही पहिल्या तीन आठवड्यांतली पिल्लं. सकाळी धावणारं पिल्लू दुपारी कुशीवर पडतं, पाय सायकल मारल्यासारखे झटकतं, मान पाठीकडे ताणली जाते आणि तासाभरात संपतं. एक आठवड्याच्या आतल्या पिल्लांत दहापैकी नऊ जाऊ शकतात. चार-पाच आठवड्यांनंतर मरतूक फार कमी होते. मोठ्या बदकांना काहीच होत नाही. मरतूक तीन-चार दिवसांत उसळते आणि ओसरते. यकृत सुजलेलं आणि रक्ताच्या ठिपक्यांनी भरलेलं निघतं. हा विषाणू चिवट आहे: न धुतलेल्या ब्रूडरमध्ये (पिल्लं उबेत ठेवायच्या जागेत) दहा आठवडे आणि ओल्या विष्ठेत महिनाभराहून जास्त टिकतो. त्यामुळे एका खेपेची पिल्लं गेली आणि त्याच जागी लगेच दुसरी आणली तर तीही जातात. मग दोष पिल्लं विकणाऱ्याला दिला जातो, रोग मात्र आपल्याच जागेत असतो.

बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१. भारतात पाळीव पक्ष्यांत तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. कोंबड्यांचा तो झपाट्याने फडशा पाडतो, पण बदकांत दोन टोकं दिसतात. काही वेळा बदकं मान वाकडी करून गोल गोल फिरतात, थरथरतात, डोळ्याचं बुबुळ पांढरट होतं आणि मरतात. काही वेळा त्यांना काहीच होत नाही, आणि ती दिवसचे दिवस विषाणू पाण्यात सोडत राहतात. म्हणून ज्या आखाड्यावर बदकं आणि कोंबड्या एकत्र आहेत तिथे कोंबड्या मेल्या आणि बदकं राहिली, तर ‘बदकं काटक असतात’ असं म्हणून त्यांना सोडून देऊ नका. रोगाचं मूळ तिथेच असू शकतं. मानमोडीचंही, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचंही, थोडं तसंच आहे. बदकं फारशी आजारी न पडता तो विषाणू कोंबड्यांना देऊ शकतात.

विषाणू नसलेली मरतूक

आपल्या भागात बदकं अचानक मरण्याची निम्मी कारणं विषाणूची नसतात असं धरून चाला, कारण त्यांचा उपाय वेगळा आणि बऱ्याचदा सोपा असतो.

बुरशी लागलेलं खाद्य यात पहिलं. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदकाचं पिल्लू फार नाजूक असतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंडीतून हजारो टर्की मेल्या तेव्हा बदकांची पिल्लंही गेली होती, आणि त्यातूनच हे विष शोधलं गेलं. पावसात भिजलेला मका, कुबट वासाची शेंगदाणा पेंड, ओलसर कोठीतला भरडा हे आपल्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर घरोघरी असतं. घोळ असा की अफ्लाटॉक्सिननं मरणारं पिल्लूही मान मागे ताणूनच मरतं, अगदी यकृतदाहासारखं. फरक हा: यकृतदाह एकदम येतो आणि चार दिवसांत ओसरतो; बुरशीत आधी आठवडाभर वाढ खुंटलेली, लंगडणं, पिसं विस्कटलेली, आणि मरतूक खाद्य बदलेपर्यंत रेंगाळते. संशय आला की खाद्याचं पोतं बदला आणि अर्धा किलो जुनं खाद्य तपासणीसाठी बाजूला ठेवा, फेकू नका.

मान लुळी पडणं, म्हणजे बोट्युलिझम, हा एप्रिल-मेचा रोग. गावतळं आटून चिखल उरतो, त्यात मेलेले मासे-पक्षी, त्यांच्यावर अळ्या. बदक त्या अळ्या खातं आणि विष चढतं. बदक शुद्धीत असतं, डोळे उघडे, पण मान उचलता येत नाही. पाण्यात असेल तर मान बुडून मरतं. आत चिरल्यावर काही सापडत नाही. त्या चिखलातून काढून सावलीत ठेवलं, मान वर धरून स्वच्छ पाणी थोडं थोडं पाजलं तर सौम्य लागण झालेली वाचतात.

कीटकनाशक: जुलै ते सप्टेंबर कापूस, सोयाबीन, तुरीवर फवारणी चालू असते आणि पंप धुतलेलं पाणी ओढ्यात जातं. काही तासांत एकदम बरीच बदकं, तोंडातून लाळ, झटके, तेव्हा आधी आजूबाजूला कोणी काय फवारलं ते विचारा. आणि जिवाणूजन्य कॉलरा: हा शवविच्छेदनात डक प्लेगसारखाच रक्ताळलेला दिसतो, पण त्यावर प्रतिजैविक चालतं. या दोघांत डोळ्यांनी फरक करण्याच्या भानगडीत पडू नये; प्रयोगशाळा त्यासाठीच आहे.

पहिले काही तास

बदकं पाण्याबाहेर काढा आणि कोंडा. मोकळी सोडायची सवय असली तर हे जिवावर येतं, पण बदकाला जगायला तळं लागत नाही. डोळे-नाक धुण्यापुरतं डोकं बुडेल एवढं पाणी लागतं. पूर्ण कोंडून ठेवायला एका मोठ्या बदकाला ४ ते ५ चौरस फूट जागा हवी, म्हणजे पंचवीस बदकांना निदान १० बाय १० फुटांची शेड. जागा नसेल तर हिरव्या शेडनेटचा आडोसा करून कुंपण घाला, वरूनही जाळी टाका, कावळे आणि बगळे खाद्याला यायला नकोत.

पिण्याचं पाणी बोअरचं किंवा नळाचं. तळ्याचं, पाटाचं नाही. २०० लिटरच्या टिपाडाला ताजी ब्लिचिंग पावडर साधारण २ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट. आधी तांब्याभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टिपाडात ओता आणि अर्धा तास थांबून मग पाजा. वर्षभर उघडी पडलेली पावडर निकामी असते. डबा उघडल्यावर नाकाला झणका बसला नाही तर नवीन आणा. पंचवीस बदकांना प्यायला आणि डोकं बुडवायला दिवसाला ४० ते ५० लिटर धरा, दोन वेळा मिळून. भांडं उथळ पसरट नको. खोल पण तोंड लहान असलेलं ठेवा, नाहीतर बदकं त्यातच उतरून बसतील आणि टिपाडाचंही तळं होईल.

आता कळपाचे तीन भाग करा: आजारी, आजारी बदकांबरोबर राहिलेली, आणि वेगळ्या जागेत असलेली निरोगी. खाद्य-पाणी देताना क्रम उलटा: आधी निरोगी, शेवटी आजारी, आणि आजाऱ्यांकडून परत निरोग्यांकडे जायचं नाही. आजाऱ्यांसाठी बादली, फावडं, चपला वेगळ्या. सालगड्याला हे एकदा सांगून भागत नाही. दोन रंगांच्या बादल्या आणून ठेवा, चूक होत नाही. कोंबड्यांना त्याच माणसाने हात लावू नये.

दाराशी पाय बुडवायचं घमेलं ठेवा. धुण्याच्या सोड्याची पांढरी कोरडी पूड असेल तर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, खडे असतील तर १ किलो, कारण खड्यांत बरंचसं पाणीच असतं. चपलेचा चिखल आधी ब्रशने काढायचा. चिखलासकट बुडवलेल्या चपलेला औषध लागत नाही. पाणी रोज बदला.

अंडी, बदकं, खत, रिकामी पोती काहीही आखाड्याबाहेर जाऊ देऊ नका. ‘अजून चांगली आहेत तोवर विकून टाकू’ हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. डक प्लेगमध्ये चांगल्या दिसणाऱ्या बदकात रोग आठवडाभर मुरलेला असू शकतो, आणि बर्ड फ्लूत तो विकलेला पक्षी घेणाऱ्याच्या घरात जातो.

आणि सुई हातात घेऊ नका. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही; एकाच सुईने वीस बदकांना टोचलं तर साथ तुम्हीच वाटता. पाण्यातून इलेक्ट्रोलाइट द्यायला हरकत नाही, त्याने बदक तग धरतं, रोग जात नाही.

कळवायचं कुठे, नमुना कसा

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक यांना त्याच दिवशी सांगा. कोणी भेटलं नाही तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशा रोगाची खबर देणं पशुपालकावर बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी खिशाचा हिशोब बघा: बर्ड फ्लू निघाल्यावर सरकार जे पक्षी मारायला लावतं त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. दोन दिवस लपवलं की तेवढी बदकं भरपाईच्या यादीतून गेली.

फोनवर सांगताना वहीतले आकडे सांगा: एकूण किती, वय काय, पहिलं कधी मेलं, आज किती, लस कधी दिली होती, खाद्य कधी बदललं, कोंबड्या-कावळ्यांचं काय. ‘बदकं मरायलीत, लवकर या’ एवढ्यावर डॉक्टरांनाही सोबत काय आणावं ते कळत नाही.

बर्ड फ्लूचा जरासाही संशय असेल तर मेलेलं बदक चिरू नका, गाडीवर टाकून दवाखान्यात नेऊ नका. नमुने पशुसंवर्धन विभागाचे लोक घेतात आणि खात्रीसाठी ते भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. संशय नसेल आणि डॉक्टरांनी मेलेलं बदक आणायला सांगितलं तर ताजं मेलेलं द्या, दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक बांधून, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या मध्ये. डीप फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठलेल्या ऊतींवरून आतले बदल वाचता येत नाहीत. मे महिन्यात सकाळी मेलेलं बदक दुपारपर्यंत उघड्यावर राहिलं तर ते तपासणीच्या कामाचं उरत नाही. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. कुठे पाठवायचं ते डॉक्टर ठरवतील.

डक प्लेगची लस, साथ चालू असतानाही

डक प्लेगची लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते, आणि साथ चालू झाल्यावरही निरोगी दिसणाऱ्यांना तातडीने देता येते. लसीतला विषाणू शरीरात जागा अडवतो आणि संरक्षण लवकर मिळू लागतं. पण ज्यांच्यात रोग आधीच मुरला आहे ती लसीनंतरही चार-पाच दिवस मरत राहतात. त्यावरून लस खोटी ठरवू नका आणि दुसऱ्यांदा टोचू नका.

नेहमीच्या वेळापत्रकात ८ ते १२ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा, मग दरवर्षी. मात्रा अर्धा किंवा एक मिलिलिटर, बाटलीवर छापलं असेल तेवढीच, मानेच्या मागच्या सैल कातडीखाली. कातडी चिमटीत उचलायची, सुई शरीराला समांतर घालायची. औषध पिसांवर ओघळलं तर ते बदक लस दिलेल्यांत मोजायचं नाही. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. सोबतचं द्रावणही आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, कोमट द्रावणात लस तिथेच मरते. कालवल्यावर बाटली बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवा, उरलेली उकळून पुरा. सुई-सिरिंज पाण्यात उकळून घ्या. स्पिरिटने पुसाल तर लसही निकामी होईल. साथीत प्रत्येक बदकाला नवी सुई, आणि टोचणी सर्वांत निरोगी गटापासून सुरू.

आपल्याकडे लस जवळच्या दुकानात मिळत नाही, हे आधीच म्हटलं. बदकं जास्त असलेल्या राज्यांत ती तयार होते, उदाहरणार्थ केरळात पालोडच्या सरकारी संस्थेत. म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी पावसाळ्याआधीच द्या, आणि आसपासच्या चार-पाच जणांनी मिळून द्या; शंभर मात्रांची बाटली पंचवीस बदकांसाठी फोडली की उरलेली फुकट जाते.

यकृतदाहाची लस इकडे सहज मिळत नाही. तिथे उपाय एकच: पिल्लं पहिले पाच आठवडे मोठ्या बदकांपासून तोडून ठेवायची, उंदरांचा बंदोबस्त करायचा आणि ब्रूडर प्रत्येक खेपेनंतर नीट धुवायचा. एच५एन१ची लस भारतात पक्ष्यांना द्यायला परवानगी नाही; कोणी ‘बर्ड फ्लूची लस’ म्हणून बाटली विकत असेल तर घेऊ नका.

मेलेली बदकं

उकिरड्यावर, ओढ्यात, रस्त्याकडेला नाही. कुत्रं एका रात्रीत ते तीन आखाडे पुढे नेतं. खड्डा विहीर, बोअर आणि ओढ्यापासून किमान १०० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यातून वास व पाणी दोन्ही वाट काढतात, त्यामुळे मुरमाड जागा बरी, पण पाणी उथळ लागत असेल तर तीही नको. आठ-दहा बदकांना चार-पाच फूट खोल पुरे. तळाला चुन्याचा थर, बदकं, पुन्हा चुना, वर निदान दोन फूट माती दाबून, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या व दगड. बर्ड फ्लूमध्ये हे काम सरकारी पथक करतं, आणि १ किलोमीटर परिसर बाधित तर १० किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीखाली जातो. तिथे स्वतःच्या मनाने काही पुरू नका.

मेलेल्यांना हात लावताना एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. मोजे नसतील तर दोन प्लास्टिक पिशव्या हाताला बांधा, नुसता हात नको. पोरांना शेडच्या आसपास फिरकू देऊ नका. दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, डोळे लाल झाले तर सरकारी दवाखान्यात ‘पक्षी मेले होते, मी हाताळले’ हे आपणहून सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

शेड धुणं आणि तळ्याचं काय

सगळ्यात जास्त चूक इथे होते: विष्ठेवरच औषध फवारलं जातं. विष्ठेखालचा विषाणू तसाच राहतो आणि औषधाची ताकद घाणीतच संपते. आधी भुसा-भुसकट थोडं ओलं करून खरवडा, म्हणजे धूळ उडणार नाही. ते ढीग लावून प्लास्टिकने झाकून दीड-दोन महिने कुजू द्या, लगेच रानात पसरू नका. मग कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि वाळल्यावर औषध: १० लिटरला ३०० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, किंवा १० लिटरला २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा. १०० चौरस फुटाला ३ लिटरच्या आसपास लागतं; पृष्ठभाग निदान दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे, त्यामुळे मेमध्ये दुपारी फवारू नका, संध्याकाळी फवारा. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. ते कातडी जाळतं आणि जस्ताचे पत्रे, ॲल्युमिनियमची भांडी खातं, म्हणून पत्र्याच्या शेडला ब्लिचिंगच. ब्लिचिंगमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

तळ्याला औषध घालून निर्जंतुक करता येत नाही. एक गुंठ्याचं, दोन मीटर खोल शेततळंसुद्धा दोन लाख लिटर पाणी धरतं. त्यात विषाणू मरेल एवढं क्लोरीन टाकलं तर आधी मासे मरतील. जमेल तर तळं रिकामं करा. पाणी ओढ्यात न सोडता स्वतःच्याच शेतात, भाजीपाला सोडून कापूस-तुरीसारख्या पिकाला द्या. प्लास्टिक अस्तर घासून, महिनाभर कडक उन्हात कोरडं ठेवा. डक प्लेगचा विषाणू साध्या खोलीच्या तापमानाला ओलाव्यात महिनाभर तग धरतो, पण ५६ अंश उष्णतेत दहा मिनिटांत मरतो. मेच्या दुपारी तापलेलं काळं प्लास्टिक हे काम फुकटात करतं, फक्त ते कोरडं आणि स्वच्छ हवं. गाळाखाली ऊन पोचत नाही. रिकामं करणं शक्य नसेल तर निदान पुढचे दोन-तीन महिने बदकं त्यात सोडू नका. वाहतं पाणी असेल, म्हणजे पाटाचं आवर्तन किंवा ओढा, तर वरच्या अंगाला कोणाची बदकं मरताहेत का आणि खालच्या अंगाला कोण पाळतो, दोन्ही विचारून घ्या आणि खालच्याला सांगा.

पुन्हा बदकं आणताना

बर्ड फ्लू निघाला असेल तर प्रशासनाच्या परवानगीशिवाय नवे पक्षी आणता येत नाहीत. इतर रोगांत शेड आणि तळं दोन्ही वाळवून झाल्यावर आधी सात-आठ स्वस्त, लस न दिलेली बदकं सोडा आणि तीन आठवडे बघा. ती टिकली तर उरलेली आणा. आधीच्या साथीतून वाचलेली बदकं या नव्यांत मिसळायची नाहीत. ती वेगळ्या तळ्यावर ठेवा किंवा अंड्यांवरून उतरली की घरी खाऊन संपवा. नीट शिजवलेलं, ७० अंशांवर गेलेलं मांस सुरक्षित असतं. मात्र बर्ड फ्लू निघालेल्या जागेचं एकही अंडं किंवा पक्षी खाण्याचा विचारच नको.

फिरत्या गाडीवरून पिल्लं घेत असाल तर विकणाऱ्याला विचारा: पिल्लं कुठल्या हॅचरीची, किती दिवसांची, वाटेत किती ठिकाणी उतरवली, आईबापांना डक प्लेगची लस होती का. पावती मागा. उत्तरं टाळली तर दर कितीही पडता असो, सोडून द्या. विकत आणलेली मोठी बदकं तीस दिवस जुन्या कळपापासून वेगळ्या पाण्यावर ठेवा. नुसती वेगळी जाळी आणि तळं तेच, असं केलं तर वेगळं ठेवल्याचा काही उपयोग होत नाही.